सावलीतील दुरंगी पान

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम फुले येतात. गुलाब, शेवंती, जास्वंद ही सारी मंडळी उन्हाची भोक्ती. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर ती रुसतात. पण प्रत्येकाच्या अंगणात ऊन असतेच असे नाही. कुठे घरामागे कडुनिंब असतो, कुठे शेजारची भिंत उंच असते, कुठे न्हाणीजवळचा कोपरा बारमाही ओलसर असतो. अशा जागी आपण सरपण रचतो, मोडकी खाट उभी करतो आणि 'इथे काही होत नाही' असे म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात मला या दुर्लक्षित कोपऱ्याविषयी आणि तेथे शोभणाऱ्या, एकाच पानात दोन रंग बाळगणाऱ्या वनस्पतींविषयी लिहायचे आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, माझ्या हातून घरच्या एका झाडाच्या बाबतीत चूक झाली. ती का झाली याचा शोध घेताना जे समजले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटले.

होस्टा आणि आपला उन्हाळा

सावलीतील बागेवरील कोणतेही इंग्रजी पुस्तक उघडा, त्यात 'होस्टा' या वनस्पतीला पहिला मान असतो. रुंद, शिरांनी रेखलेली पाने जमिनीलगत गोल पसरलेली. कुणाची कड पांढरी, तर कुणाचा मध्य पिवळा. मूळची ही वनस्पती जपान, कोरिया आणि चीन या देशांतली. ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस टोमास होस्ट यांच्या सन्मानार्थ १८१२ साली तिला हे नाव मिळाले. जपानात काही जातींचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात.

१९३६ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका रोपवाटिकेत फ्रान्सिस विल्यम्स या बाईंना निळसर-हिरव्या होस्टांमध्ये एक रोप पिवळ्या कडेचे आढळले. पुढे त्या वाणाला त्यांचेच नाव मिळाले आणि तो जगभर गेला. तो बियांतून गेला नाही, तर मुख्यतः गड्डा वाटून वाटून गेला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या लेखाचे सार तीत आहे.

हे वाचून मलाही मोह झाला होता. परंतु होस्टाला हिवाळी झोप लागते. काही आठवडे सुमारे ५ अंशांखालची थंडी मिळाली, की तिचा गड्डा वसंतात जोमाने फुटतो. आमचे मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावर, पातूरचा घाट आणि सागाचे जंगल ओलांडल्यावर लागणारे गाव. येथे थंडी पडते, पण एवढी नव्हे. आणि वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा होस्टाची चित्रे पाहावीत आणि पुस्तक मिटावे, हेच बरे.

पण तिची भावंडे मात्र आपल्या ओळखीची आहेत. आजच्या वर्गीकरणानुसार होस्टा शतावरी कुलात मोडते. आपली शतावरी, निशिगंध, शेताच्या बांधावरचा घायपात आणि विदर्भाच्या जंगलांत पावसाळ्यात उगवणारी सफेद मुसळी ही सर्व त्याच कुलातली. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर मुंबईची बोरिवली आहे! रोपवाटिकांत 'स्नेक प्लांट' म्हणून विकले जाणारे, तलवारीसारख्या उभ्या पानांचे झाडही याच कुलातले. हिरव्या पानावर सापाच्या अंगासारखे आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना पिवळी किनार असा वाण काँगोतून युरोपात गेला व बेल्जियमचे प्राध्यापक एमिल लॉरेंट यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्रजीत या झाडाला 'सासूची जीभ' असेही म्हणतात. त्यावर अधिक भाष्य न करणे सोयीचे!

संस्कृतच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगते. धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' म्हणतात, कारण ती 'मूर्वा' नावाच्या वनस्पतीच्या तंतूंची करीत. ही मूर्वा नेमकी कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी मोरवेलीला मूर्वा मानतात, तर कोणी स्नेक प्लांटच्या भारतीय बहिणीला. इंग्रजीत या बहिणींचे जुने नाव 'धनुष्याच्या दोरीचा अंबाडी' अशाच अर्थाचे आहे.

माझी चूक

आठ वर्षांपूर्वी आईने माहेरहून, बाळापूरहून, पिवळ्या कडेच्या या झाडाचा एक फुटवा आणला. तेलाच्या जुन्या डब्याला तळाशी भोके पाडून तिने तो कडुनिंबाखाली लावला. बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "रोगट पान हाये हे. उपटून फेक, नाई तं बाकीच्यायले लागंन." आईने उपटला नाही. दर दिवाळीला ती ओल्या फडक्याने त्याची पाने पुसते. घरात तिच्या हौसेची म्हणावी अशी ही एकच वस्तू.

मागच्या वर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने महाविद्यालयाच्या व्हरांड्यात सावलीतील झाडांच्या कुंड्या ठेवण्याचे ठरविले. मी उत्साहाने २० कुंड्यांचा शब्द दिला. पानाचे तुकडे मातीत खोचले तरी हे झाड जगते, असे मी ऐकले होते. आई शेतावर गेली असताना मी डब्यातील सर्व पाने मुळाशी कापली. तीन-तीन इंचांचे तुकडे केले आणि रेतीत लावले. आषाढाचे दिवस होते. संध्याकाळी आईने रिकामा डबा पाहिला. ती काही बोलली नाही.

तुकड्यांना मुळे फुटली, काही कुजले. दिवाळीच्या सुमारास मातीतून नवे कोंब वर आले. मी रोज निरखून पाहात होते. एक पान उलगडले, दुसरे उलगडले, आठवड्याभरात चौदा रोपे झाली. सर्वच्या सर्व हिरवी. पट्टे होते, पण पिवळी किनार एकालाही नव्हती. आई जवळ येऊन बसली, एक पान बोटाने चाचपले आणि म्हणाली, "हे आईवर नाई गेलं व."

मी अकोल्याच्या एका रोपवाटिकेत जाऊन तेथील माळीकाकांना विचारले. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले, "ताई, रंग पानात नसतो, गड्ड्यात असतो." वाक्य पाठ झाले, पण अर्थ कळेना. तो पुढे वाचनातून कळला.

एका झाडात दोन झाडे

झाडाच्या वाढणाऱ्या टोकाशी पेशींचे थर असतात, जणू एकात एक घातलेल्या टोप्या. साधारणतः सर्व थरांतील पेशी सारख्या असतात. पण कधी तरी एका पेशीत अचानक बदल होतो आणि हरितद्रव्य तयार करण्याची तिची शक्ती कमी होते. तिच्यापासून होणाऱ्या पेशीही तशाच. हळूहळू एक संपूर्ण थर फिकट पेशींचा होतो आणि दुसरा हिरवाच राहतो. पान तयार होताना एका थरातून त्याची कड बनते, दुसऱ्यातून मध्यभाग. म्हणून पिवळी किनार इतकी नेमकी, पदर काठल्यासारखी दिसते. खरे पाहता ते एक झाड नसून एकमेकांना चिकटून वाढणारी दोन झाडे असतात.

अशा वनस्पतीला शास्त्रज्ञ 'कायमेरा' म्हणतात. ग्रीक पुराणातील सिंह, बोकड व सर्प यांचे मिळून झालेल्या प्राण्याचे हे नाव. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ त्याच जातकुळीतला. जर्मन शास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी १९०७ साली टोमॅटो व कामोणी यांचे कलम केले. त्यातून अर्धे याचे, अर्धे तिचे असा कोंब निघाला. तेव्हा त्यांनी हा शब्द वनस्पतींना लावला. १९०९ साली एर्विन बाऊर यांनी पांढऱ्या कडेच्या जिरॅनियमवर प्रयोग करून पानांच्या किनारीमागे थरांचे हे रहस्य असल्याचे दाखविले.

आता माझी चूक स्पष्ट होते. पानाच्या तुकड्यातून नवे झाड होते, तेव्हा वाढीचे टोक नव्याने तयार व्हावे लागते. ते तुकड्यातील हिरव्या पेशींतून उठते. जुने थर एकावर एक, त्याच क्रमाने तेथे पुन्हा रचले जात नाहीत. म्हणून रोप हिरवे. नुसत्या पिवळ्या कडेतून कोंब उठलाच, तर तो फार दिवस जगू शकत नाही. हरितद्रव्याशिवाय अन्न करणार कोण? उलट जमिनीतील गड्ड्यावर जो डोळा असतो, त्यात दोन्ही थर आधीपासून शाबूत असतात. त्यातून निघणारा फुटवा आईसारखा दुरंगी होतो. माळीकाकांच्या वाक्याचा अर्थ हा होता.

गुलबक्षीची साक्ष

याच विषयात अंगणातल्या गुलबक्षीनेही साक्ष दिली आहे. १९०९ सालीच कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने गुलबक्षीच्या एका ठिपकेदार वाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या झाडावर काही फांद्या हिरव्या, काही फिकट पांढऱ्या, तर काही ठिपक्यांच्या होत्या. हिरव्या फांदीवरील बियांतून हिरवी रोपे आली. पांढरीवरील बियांतून पांढरी आली व लवकरच मेली. ठिपक्यांच्या फांदीवरील बियांतून तिन्ही प्रकारची आली. पराग कोणत्या फांदीचा वापरला, याने काहीच फरक पडला नाही! याचे कारण असे की, हरितद्रव्य ज्या सूक्ष्म कणांत असते ती हरितलवके या झाडात बीजांडातून, म्हणजे मातेकडूनच येतात. 'आईवर गेलं नाही' हे आमच्या आईचे बोलणे ऐकून मी त्या दिवशी खजील झाले होते. कोरेन्सचा प्रयोग वाचल्यावर वाटले, शास्त्रानेही प्रश्न त्याच शब्दांत विचारला होता.

पिवळे पान : शोभा की रोग?

बाबांच्या म्हणण्याचा विचारही येथे केला पाहिजे. सोयाबीन पिकविणाऱ्या माणसाला पिवळे पान दिसले की धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने विदर्भात सोयाबीनचे मोठे नुकसान केले. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. भेंडीवरील केवडाही त्याच प्रकारचा. तेथे रोगट झाड दिसताच समूळ उपटून नष्ट करणे हाच शहाणपणा.

मग दोहोंत फरक ओळखावा कसा? रोगाचे पिवळेपण विस्कळीत असते. ते शिरांवर वा शिरांमध्ये डागाडागांनी पसरते, पाने आकसतात, झाड खुरटते आणि शेजारच्या झाडांना लागण होते. कायमेराची किनार पानामागून पानावर त्याच जागी येते, झाड निरोगी असते आणि शेजाऱ्याला त्यापासून बाधा नसते. अर्थात काही झाडांचे सौंदर्य खरोखरच रोगातून आले आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेरी ट्यूलिपच्या कंदांसाठी लोकांनी घरे-दारे पणाला लावली, ते पट्टे विषाणूचे होते. म्हणजे बाबांची शंका रास्त होती, निदान चुकले होते.

लागवड : काही अनुभव

सावली ही पिकाची गरज असू शकते, हे आपल्याकडे कोणी नव्याने सांगायला नको. अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागातील बारी समाजाने पानवेल व पानपिंपरीचे मळे सावली धरूनच पिकविले. वेलीवर किती ऊन उतरू द्यायचे याचा हिशोब त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आपल्याला तोच हिशोब कुंडीपुरता करायचा आहे.

पहिली गोष्ट सावलीची. दुरंगी पानात हरितद्रव्य कमी, म्हणून त्याला हिरव्या पानापेक्षा थोडा अधिक उजेड लागतो; पण पानाचा फिकट भाग कडक उन्हात लवकर भाजतो. म्हणून दाट काळोख नको आणि दुपारचे ऊनही नको. कडुनिंबाची चाळणीसारखी सावली सर्वांत उत्तम. मात्र माघ-फाल्गुनात कडुनिंब पाने गाळतो आणि पाडव्यापर्यंत ऊन थेट खाली उतरते. नेमके त्याच दिवसांत पाने करपतात. तेवढे दिवस कुंड्या पूर्वेच्या ओसरीवर घ्याव्यात. मनी प्लांटची पिवळी नक्षी घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाहीशी होते, तीही उजेड कमी पडल्याने.

दुसरी गोष्ट मातीची. आमची काळी माती कपाशीला चांगली, पण कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि गड्डा कुजतो. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि तळाशी विटांचे तुकडे, हे मिश्रण मला मानवले. रासायनिक खताची गरज भासली नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. हे झाड तहानेने क्वचित मरते. मरते ते बहुधा आपल्या मायेने. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या धारेखाली ठेवू नयेत. पाने पोटात गेल्यास बाधतात, तेव्हा शेळ्या व लहान मुले यांच्यापासून ती दूर असावीत.

चौथी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, वाटणीची. मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या सुमारास झाड मातीसकट बाहेर काढावे. गड्ड्याचे असे भाग करावेत की प्रत्येकाला किमान एक फुटवा व स्वतःची मुळे येतील. कापलेला भाग दोन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग लावावा. एका झाडाची वर्षाला दोन-तीनच रोपे होतात. पानांच्या तुकड्यांतून वीस होतील. पण ती दुसरीच होतील.

पाचवी गोष्ट निगराणीची. दुरंगी झाडात कधी कधी एखादा फुटवा संपूर्ण हिरवा निघतो. हिरव्याजवळ अन्न तयार करण्याची शक्ती अधिक, म्हणून तो झपाट्याने वाढतो आणि चार-दोन वर्षांत दुरंगी फुटव्यांना दडपून टाकतो. तो दिसताच मुळाशी काढून वेगळा लावावा. याचा अर्थ, झाडाच्या दृष्टीने पिवळी किनार ही उणीवच आहे. रानात ती बहुधा टिकली नसती. ती टिकते ती कोणीतरी लक्ष ठेवून तिची बाजू घेतो म्हणून.

समारोप

आमच्या डब्याचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करते. मी पाने कापली होती, पण सुदैवाने गड्डा उपटला नव्हता. आई मला न सांगता त्या रिकाम्या डब्याला मधून मधून पाणी घालीत होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "जमिनीत हाये ना थो, येईन." मार्गशीर्षात मातीतून एक टोक वर आले. पान उलगडायला तीन आठवडे लागले. दोन्ही कडांना पिवळी किनार होती. बाबांनी जाता जाता पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आला का तुहा रोगट!"

यंदा मृगात त्याला दुसरा फुटवा आला. मी तो अजून वेगळा केलेला नाही. ते आई सांगेल तेव्हा. महाविद्यालयाच्या व्हरांड्यात ज्या चौदा कुंड्या आहेत, त्या माझ्या हिरव्या रोपांच्या. त्यांच्यात काही दोष नाही. ती काटक आहेत आणि परीक्षेच्या सुट्टीत पाण्यावाचूनही तग धरतात. मी शब्द दिला होता २० कुंड्यांचा. उरलेल्या सहा दुरंगी असतील, आणि त्यांना वेळ लागेल. तोपर्यंत ज्यांच्या अंगणात कडुनिंबाची सावली आहे त्यांनी तेथील सरपण हलवून जागा करून ठेवावी. पुढे फुटवे झाले की मागणाऱ्याला एकेक देता येईल, मुळासकट.